समुद्राकडे तोंड, माणसांकडे पाठ

आमच्या टेबलावर या क्षणी तीन माहितीपुस्तिका पडल्या आहेत. तिन्हींच्या मुखपृष्ठांवर तोच निळा समुद्र, तीच झुकलेली माडांची रांग आणि पांढऱ्या केसांचे तेच हसरे दांपत्य. एकीत वसाहतीला ‘निवृत्तिग्राम’ म्हटले आहे, दुसरीत ‘सीनियर लिव्हिंग’, तर तिसरीत मराठी ग्राहकाची नाडी अचूक ओळखून ‘मुळांकडे परत’ अशी साद घातली आहे. या पुस्तिका आमच्याकडे कोणा दलालाने पाठविलेल्या नाहीत. आमच्याच सभेच्या तीन सभासदांनी त्या मोठ्या आपुलकीने, ‘तुम्हीही विचार करा’ असे सांगून हाती ठेवल्या. म्हणूनच हा लेख लिहिणे भाग पडले.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील जुन्या मराठी घरांतून सध्या एक लाट फिरते आहे. मुले पुण्यात, बंगळुरात किंवा परदेशी. घर जुने, जिने उंच, गुडघे थकलेले. अशा वेळी वाडा विकावा, आलेल्या पैशातून गोव्यात किंवा सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ज्येष्ठांच्या वसाहतीत एक घर घ्यावे आणि उरलेले आयुष्य कोवळ्या उन्हात, लाटांच्या सोबतीने काढावे, हा विचार आता चारचौघांत प्रतिष्ठा पावला आहे. जो जात नाही त्याच्याकडेच ‘अजून इथेच?’ अशा नजरेने पाहिले जाते.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. निवृत्तीनंतर समुद्रकाठी राहणे हा काही अपराध नव्हे. परंतु ज्या रीतीने आपण ते गाव निवडतो, ती रीत साफ चुकीची आहे. आपण ऊन पाहतो, वारा पाहतो, गच्चीतून दिसणारा देखावा पाहतो. आपल्याला ओळखणारे तिथे कोण आहे, एवढाच प्रश्न विचारायचा राहून जातो. त्या चुकीची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते : जाणाऱ्याला तिथे आणि मागे राहणाऱ्यांना इथे.

हे आम्ही कोरड्या पायांनी काठावर उभे राहून सांगत नाही. २०२३च्या डिसेंबरात आम्ही स्वतः सपत्नीक आठ दिवस हा किनारा पालथा घातला. हवा सुरेख होती. सोलकढी, ताजी भाजी, सकाळी वाळूवरचा फेरफटका. एका वसाहतीतील तरुण विक्रेत्याने इतक्या अदबीने ‘सर, मॅडम’ केले की आमच्या तिन्ही मुलांनी मिळून वर्षभरात तेवढे केले नसेल. बयाण्याचा धनादेश लिहायला आम्ही पेन उघडलेही होते. तेव्हा पत्नीने हळूच विचारले, “अहो, स्वयंपाकाला बाई ठेवताना आपण दोन महिने पाहतो. गाव दोन दिवसांत ठरवायचं?” पेन मिटले. परतताना ज्या रिक्षावाल्याने आम्हांला स्थानकावर सोडले तो म्हणाला, “डिसेंबरात सगळेच येतात. एकदा आगोट सरल्यावर या, मग बोलू.”

२०२४च्या जुलैत आम्ही पुन्हा गेलो. हा लेख त्या दुसऱ्या फेरीतून निर्माण झाला आहे.

पहिली गोष्ट पावसाची. गोव्यात आणि दक्षिण कोकणात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. आमच्या इंदुरात किंवा बडोद्यात वर्षभरात जेवढा पाऊस होतो, साधारण तेवढा तिथे एकट्या जुलैत होतो. पुस्तिकेतील ‘सनी कोस्ट’ वर्षातून चार महिने सूर्य पाहत नाही. कपडे वाळत नाहीत, पुस्तकांना बुरशी येते, लोखंडाला गंज चढतो आणि संधिवाताच्या माणसाला सकाळी उठून बसायला अर्धा तास लागतो. कोकणातला माणूस या पावसाला घाबरत नाही, कारण त्याची सारी राहणी त्याच्याशी जुळलेली आहे : आगोटीची बेगमी, छपराची शाकारणी, पडवीला झापांचा आडोसा आणि हाकेच्या अंतरावर शेजार. आपण मात्र माळव्याच्या पठारावरची सवय घेऊन काचेच्या मोठ्या खिडक्यांच्या घरात राहायला जातो. डिसेंबरात ज्या वसाहतीत गजबज होती, तिथे जुलैतल्या त्या संध्याकाळी चाळीस घरांपैकी अकरा घरांत दिवे होते. उरलेले मालक पावसाळ्यापुरते मुलांकडे गेले होते. म्हणजे जे घर कायमचे म्हणून घेतले, ते आठ महिन्यांचे निघाले; आणि ज्यांना जायला मुलगा-मुलगी नव्हती, ते त्या अकरांत होते.

गंमत अशी की एवढ्या पावसाच्या प्रदेशात एप्रिल-मे महिन्यांत अनेक गावांना पाण्याची चणचण भासते. जांभ्या दगडाच्या सच्छिद्र भूमीत आणि तीव्र उतारांवर पाणी टिकत नाही. ते झपाट्याने समुद्राला मिळते. गावाच्या विहिरींनी आधीच तळ गाठलेला असताना वरच्या सड्यावर शंभर घरांची नवी वसाहत पोहण्याच्या तलावासह उभी राहते, तेव्हा गावकऱ्यांनी तिचे स्वागत ओवाळून करावे अशी अपेक्षा का बाळगावी?

दुसरी गोष्ट वादळांची. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन-दापोली पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या पिढीजात बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ गोवा-सिंधुदुर्गाजवळून गेले. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर बुडविले. या प्रत्येक प्रसंगी ठिकठिकाणी वीज आणि दूरध्वनी बंद पडले. कुठे काही तास, तर कुठे कित्येक दिवस. तिशीतल्या माणसाला ही गैरसोय वाटते. प्राणवायूच्या यंत्रावर झोपणाऱ्या किंवा इन्सुलिन थंड ठेवावे लागणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तिला दुसरे नाव आहे.

येथे तिसरी आणि सर्वांत कळीची गोष्ट येते ती दवाखान्याची. छातीत कळ आल्यानंतरचा पहिला तास मोलाचा असतो हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. सावंतवाडी, दोडामार्ग भागातील गंभीर रुग्ण वर्षानुवर्षे गोव्याच्या बांबोळी येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जात आले आहेत. २०१८च्या आरंभापासून गोवा शासनाने तिथे राज्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा दोडामार्गात लोक आंदोलनास बसले. ज्या किनाऱ्यावर ‘जागतिक दर्जाचे निवृत्त जीवन’ विकले जाते, तिथल्या भूमिपुत्रांना शेजारच्या राज्यातील रुग्णालयासाठी रस्त्यावर यावे लागते, हे पुस्तिकेत कुठेही छापलेले नाही. गोव्यात घर घेऊन प्रश्न सुटतो असेही नाही. गोवा शासनाच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत नाव घालण्यासाठी राज्यातील पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. सत्तराव्या वर्षी गेलेल्या माणसाने पाच वर्षे आजारी पडू नये, असा त्याचा अर्थ. २०२४च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढील लोकांना आयुष्मान भारत योजनेचे वार्षिक ५ लाखांचे छत्र लागू झाले ही चांगली गोष्ट आहे. पण छत्र असून उपयोग नाही, त्याखाली रुग्णालय जवळ असावे लागते.

जुलैत आम्ही त्या वसाहतीच्या व्यवस्थापकास विचारले, “डॉक्टर कधी येतात?” उत्तर मिळाले : आठवड्यातून दोनदा. “रुग्णवाहिका?” ती फाटकाशी उभीच होती, स्वच्छ पुसलेली. “आणि चालक?” तो पलीकडच्या गावी राहतो. त्या दिवशी दोन्ही गावांमधल्या साकवावरून पाणी वाहत होते.

एका दांपत्याची हकीकत सांगतो. नावे सांगणार नाही. सभेच्या जुन्या सभासदांना ती सांगण्याची आवश्यकता नाही. इंदुरातले तीन पिढ्यांचे घर विकून ते दोघे २०१९ साली किनाऱ्यावर गेले. पहिली दोन वर्षे त्यांची पत्रे म्हणजे काव्य होते. तिसऱ्या पावसाळ्यात एका रात्री ते न्हाणीघरात घसरून पडले. एकाहत्तर वर्षांची पत्नी त्यांना उचलू शकत नव्हती. पहारेकरी परप्रांतीय मुलगा, आठ दिवसांपूर्वीच लागलेला. त्याला डॉक्टरांचा क्रमांकही ठाऊक नव्हता. अखेर खाली वाडीतल्या एका मासळीवाल्याने आपल्या टेम्पोतून त्यांना तालुक्याला नेले आणि तिथून पुढे शहरात. मांडीचे हाड जोडले गेले, पण माणूस अंथरुणावरून उठला नाही. चार महिन्यांत गेला. पुढे बाईंच्या लक्षात आले की करारानुसार ते घर साठीपुढच्या माणसालाच विकता येते, तेही व्यवस्थापनाच्या संमतीने. आणि विकेपर्यंत दरमहाचा देखभाल-आकार चुकत नाही. परत यावे तर इंदुरातले घर उरले नव्हते. आज त्या पुण्यात मुलीकडे आहेत. मुलगी गुणी आहे, जावई सज्जन आहेत. तरीही गेल्या दिवाळीत दूरध्वनीवर त्या आम्हांला म्हणाल्या, “भाऊ, पाहुणी म्हणून किती वर्षं राहायचं असतं हो?” या प्रश्नाचे उत्तर ज्या पुस्तिकेत असेल, ती पुस्तिका आम्ही आनंदाने वाचू.

चौथी गोष्ट : सांभाळणार कोण? म्हातारपणाचे खरे भांडवल पैसा नव्हे, उचलणारे हात. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. रत्नागिरीत २०११च्या जनगणनेत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आढळल्या. कारण कर्ते पुरुष मुंबईला. त्याच जनगणनेत गोव्यात साठीपुढील लोकांचे प्रमाण सुमारे ११ टक्के होते, केरळच्या खालोखाल. म्हणजे ज्या प्रदेशातून तरुण पोटासाठी निघून गेले, जिथे आधीच वृद्ध मागे राहिले, तिथेच आपण आणखी वृद्ध नेऊन ठेवतो आणि सेवेसाठी तरुणांची अपेक्षा करतो. मग झारखंड, ओडिशा, नेपाळकडची मुले-मुली येतात. बिचारी मन लावून काम करतात, पण सहा महिन्यांत अधिक पगाराची जागा मिळाली की जातात, जायलाच हवे. त्यांना ना कोकणी येते, ना मराठी. वेदना कुठे आणि कशी होते हे सांगायला माणसाला अखेर मातृभाषाच लागते. ‘ठणका’, ‘कळ’, ‘चमक’, ‘शिणवटा’ यांतला भेद ज्याला कळत नाही, तो औषध देऊ शकेल, सोबत देऊ शकणार नाही.

पाचवी गोष्ट कागदपत्रांची. मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत पस्तीस वर्षे नस्त्या वाचण्यात गेल्यामुळे ही खोड आम्हांला जडली आहे; वाचकांनी ती क्षम्य मानावी. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते. १९४८च्या कूळकायद्यातील ६३व्या कलमाने तसे बंधन घातले आहे. ‘सातबारा नंतर तुमच्या नावावर करून देऊ’ असे सांगणारा माणूस आपल्याला फसवीत तरी असतो किंवा स्वतः फसलेला तरी असतो. गोव्यात २०२३ साली भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्यास विकण्यावर निर्बंध आणणारा कायदा झाला. त्याच वर्षी तेथील नगरनियोजन कायद्यात १७(२) हे कलम घालून आराखड्यातील क्षेत्रबदलाची वाट मोकळी करण्यात आली. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालील नियम रद्दबातल ठरविले. काल बागायत असलेली जमीन आज वसाहत झाली असेल, तर उद्या ती कायद्याच्या दृष्टीने काय असेल, हे एक-चौदाचा उतारा आणि क्षेत्र-दाखला वाचल्यावाचून कोण सांगणार? किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ची. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा सामान्यतः ना-विकास क्षेत्र. २०१९च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांसाठी तो ५० मीटरवर आणला. ‘गच्चीतून समुद्र हाताला लागतो’ असे विक्रेता म्हणेल, तेव्हा प्रथम ही मोजपट्टी बाहेर काढावी.

वसाहतींच्या सेवांविषयी केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ साली आदर्श मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत उतरंड, उद्वाहक, न घसरणारी जमीन, रुग्णवाहिका यांचा विचार आहे. शिवाय बांधणारा, सेवा देणारा आणि राहणारा अशा तिघांमध्ये करार असावा असे सुचविले आहे. मार्गदर्शक तत्त्वे म्हणजे कायदा नव्हे, हे सेवेत असलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. तरीही निदान तो त्रिपक्षीय करार दाखवा, एवढे म्हणायला कोणी मनाई केलेली नाही. आम्ही तसे म्हटले, तेव्हा तो अदबशीर तरुण प्रथमच गोंधळला. इमारत एकाने बांधायची, सेवा दुसऱ्याने द्यायची आणि तिसऱ्या वर्षी सेवा देणारा बदलला की आकार वाढवायचा, ही व्यवस्था सही करण्यापूर्वी समजून घेतलेली बरी.

आता विरुद्ध बाजूचे सर्वांत बळकट म्हणणे ऐकू. ते टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. आमचे स्नेही म्हणतात, “इथे तरी काय उरले आहे? आळी बदलली, शेजारी बदलले, वाड्यांच्या जागी दुकाने आली. मुले येत नाहीत. मग निदान शुद्ध हवा आणि आपल्या वयाची चार माणसे तरी मिळोत.” यातले दुःख खरे आहे. दोन जिने चढून जाण्यापेक्षा तळमजल्यावरचे सुटसुटीत घर चांगले, हेही खरे. काही वसाहती नेकीने चालविल्या जातात आणि तिथे काही माणसे समाधानाने राहतात, हेही आम्ही पाहिले आहे. कोणाचे भावंड तिथे आहे, कोणाचे आजोळ नांदते आहे, कोणी तिशीतच तिथे घर करून गावाशी नाते जोडले आहे. अशांनी जरूर जावे. आमचा वाद त्यांच्याशी नाही. बेळगावकरांशी आणि गोमंतकीयांशी तर मुळीच नाही. ती मंडळी आपापल्या गावी आहेत, त्यांना कोणी मुळे विकायला येत नाही.

आमचा वाद आहे तो ‘मुळांकडे परत’ या शब्दांशी. कोणाचे कुलदैवत गुहागरचे व्याडेश्वर असेल, कोणाचे मंगेशी, कोणाची शांतादुर्गा. वर्षातून एकदा तिथे जाऊन ओटी भरावी, अभिषेक करावा. त्यात आनंद आहे. पण कुलदैवत तिथे आहे म्हणजे आपली मुळे अजून तिथल्या मातीत आहेत, असे समजणे हा भाबडेपणा होय. होळकर-शिंदे-गायकवाडांच्या मागोमाग आपले पूर्वज अठराव्या शतकात या प्रदेशांत आले. हैदराबादेस निजामाच्या राज्यात कितीतरी घराणी स्थिरावली. त्यांनी हवा पाहून गाव निवडले नाही. कामासाठी आले आणि मग राहिले. राहिले म्हणजे काय केले? माळवी, गुजराती, दखनी शिकले. देवळे, तालमी, वाचनालये, नाट्यमंडळ्या उभ्या केल्या. शेजारच्या मारवाड्याच्या लग्नात राबले आणि मुसलमान हकिमाकडून औषध घेतले. सयाजीराव तिसऱ्यांच्या बडोद्यात १९१० नंतर गावोगावी वाचनालयांचे जाळे विणले गेले, त्यात या घरांचाही हातभार होता. मुळे अशी धरतात. ती पूर्वजांकडून मिळत नाहीत, शेजाऱ्यांकडून मिळतात.

आणि म्हातारपणी गाव बदलणे आपल्याकडे नवे थोडेच आहे? काशीवासाची परंपरा जुनी. पण तो काशीवास कसा होता हे आठवावे. दुर्गाघाट, ब्रह्माघाटाच्या आसपास मराठी घरांचा वास होता, अन्नछत्रे होती, ओळखीचे उपाध्ये होते. शेवटची घडी आली तर चार खांदे कुठून येतील हे जाणाऱ्याला निघण्यापूर्वीच ठाऊक असे. काशीवासी सोडायला जाई. आपण साठवायला जातो. त्याने मागे ठेवलेले घर पुत्रपौत्रांचे राहत असे. आपण घर मोडून जातो.

जुलैच्या त्या फेरीत आम्ही खालच्या वाडीतल्या एका वृद्ध गृहस्थाला विचारले, “शिमग्यात तुमची पालखी घरोघर फिरते. वरच्या वसाहतीत जाते का?” त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, “घरवाल्याकडे पालखी जाते. तिथं घरं आहेत, घरवाले कुठं आहेत? आणि फाटकावर नाव लिहून देव आत न्यायचा काय?” त्याच्या बोलण्यात द्वेष नव्हता. तो वस्तुस्थिती सांगत होता. कोणत्याही किनाऱ्यावरचे गाव निवडण्याची याहून चांगली कसोटी आम्हांला अद्याप कोणी सांगितलेली नाही. पालखी दारात येणार असेल तर ते गाव तुमचे. नसेल तर तुम्ही फक्त जागा विकत घेतली आहे.

ज्यांचा निश्चय झालाच आहे त्यांच्यासाठी आमचे चार शब्द. गाव डिसेंबरात पाहिले असेल तर जुलैत पुन्हा पाहा. घर विकत घेण्यापूर्वी भाड्याने एक संपूर्ण वर्ष राहा आणि तेवढे वर्ष इथले घर विकू नका. मुक्कामात एकदा रात्री दोन वाजता रुग्णवाहिका बोलवायला सांगा आणि रुग्णालयाच्या दारापर्यंत किती वेळ लागतो तो घड्याळात मोजा. करार वाचताना दोघांचा विचार करू नका. दोघांपैकी एकटे मागे राहिल्यावर काय होईल, चालणे बंद झाल्यावर काय होईल, घर विकायचे झाल्यास काय होईल, या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी घ्या. आणि गावात किमान एक तरी असे घर शोधा, जिथे तुम्ही न कळविता जेवायला जाऊ शकाल. ते सापडले नाही तर बयाणा देऊ नका.

जे अजून डळमळत आहेत त्यांच्याशी मात्र आम्हांला अधिक मोकळेपणाने बोलायचे आहे. आपल्यापैकी एक कुटुंब जाते तेव्हा केवळ एक घर रिकामे होत नाही. सभेच्या शनिवारच्या वाचनात एक खुर्ची रिकामी होते, गणेशोत्सवाच्या आरतीतला एक खडा आवाज कमी होतो, ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली कोणाकडे ठेवायची हा प्रश्न उभा राहतो. तरुण गेले ते पोटासाठी. त्यांना बोल लावणार नाही. पण वेळ, निवृत्तिवेतन आणि भाषा या तिन्ही गोष्टी ज्यांच्याकडे शिल्लक आहेत, ती पिढीही समुद्र पाहायला निघून गेली, तर या शहरांतले मराठीपण मोडीत काढल्याचे खापर कोणा सरकारवर किंवा भाषेवर फोडता येणार नाही. ते आपणच विकलेले असेल, वाड्याच्या भावात.

आणि येथे काही करता येण्याजोगे नाही, असे कोण म्हणतो? निवृत्तिग्रामात जे विकतात, त्यातील बरेचसे आपल्या आळीत फुकट नाही तरी स्वस्तात उभे करता येईल. सभेने एक वही घालावी : एकट्या राहणाऱ्या प्रत्येक सभासदाला रोज सकाळी आठ वाजता कोणी तरी दूरध्वनी करील आणि उत्तर न आल्यास कोण धावेल, हे त्यात लिहिलेले असावे. दहा घरांनी मिळून एक परिचारिका आणि एक व्यायामोपचारतज्ज्ञ आठवड्याचे दिवस वाटून घ्यावेत. ज्यांना जिना चढवत नाही त्यांनी आणि ज्यांचा तळमजला रिकामा आहे त्यांनी परस्परांशी बोलावे. घर विकून सहाशे मैल जाण्यापेक्षा गल्लीतल्या गल्लीत खाली उतरणे सोपे. सणावारी पंगत बसवितोच, तर रोजचा डबा का चालवू नये? प्रत्येकाच्या औषधांची, रक्तगटाची, मुलांच्या पत्त्यांची एक प्रत सभेच्या कपाटात असावी. यासाठी अनुदान लागत नाही, मंत्र्याची भेट लागत नाही. थोडी लाज सोडावी लागते. ‘मला उठता येत नाही’ असे शेजाऱ्याला सांगण्याची. अनोळखी कंपनीला ती गोष्ट आपण दरमहा पैसे मोजून सांगायला तयार असतो, पण पन्नास वर्षांच्या शेजाऱ्याला सांगायला कचरतो, हे नवलच म्हणायचे.

आम्ही बयाणा दिला नाही. त्या पैशाच्या लहानशा अंशात न्हाणीघराला आधारदांडे बसविले, उंबरठे काढले, झोपण्याची खोली खाली आणली. पत्नीने शेजारच्या माळवी कुटुंबातील सुनेकडे घराची दुसरी किल्ली दिली आहे. समुद्र दिसत नाही हे खरे. खिडकीतून समोरच्या किराणा दुकानाची पाटी दिसते. पण मागच्या महिन्यात दोन दिवस आम्ही तापाने दुकानात गेलो नाही, तेव्हा तिसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानदार स्वतः दाराशी चौकशीला आला होता.

पुढील बैठकीस येताना ज्यांच्याकडे अशा पुस्तिका असतील त्यांनी त्या अवश्य आणाव्यात. आपण त्या एकत्र बसून वाचू. सोबत जुलै महिन्याचे, किनाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीचे तिकीटही काढून आणावे. परतीचे काढायला विसरू नये.